टॉर्क, टायर आणि कसारा घाट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

महागड्या आणि वेगवान गाड्यांबद्दल नाशिक जिल्ह्यातून आलेली काही निवडक पत्रं या अंकात घेतली आहेत. अश्वशक्तीचे आकडे कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतातच, त्यामुळे इथे भर आहे तो ऑइल, टायर, उष्णता आणि कागदपत्रांवर. या चार गोष्टींना पैसे पुरत नसतील तर एक पायरी खालची गाडी घ्या, हे आमचं मत. ते पुढे ठिकठिकाणी डोकावेल.

प्रश्न : बजेट २५ लाख. २०१३ ची बीएमडब्ल्यू ५२० डी खूपच स्वस्तात मिळतेय. दुसरा पर्याय २०१८ ची मर्सिडीज ई २२० डी. रोज कॉलेज रोड ते सातपूर, महिन्यातून दोनदा मुंबई. घरचे म्हणतात नवी कोरी घ्या. काय करावं?
— एक वाचक, कॉलेज रोड

२०१३ ची ५२० डी सोडून द्या. त्या वर्षाच्या गाडीत एन ४७ हे डिझेल इंजिन येतं आणि त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ राखणारी साखळी, इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेनला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या गाइड झिजतात, चेन ढिली पडते आणि एक दिवस तुटली की व्हॉल्व्ह-पिस्टनची टक्कर होते. चेन बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून मजुरीच पार्टपेक्षा जड जाते. ओळखायचं कसं? रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्वतः चालू करा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर तिथेच संशय घ्या. बॉनेट उघडून फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या, बाजूने कान द्या. १,५०० ते २,००० आरपीएमच्या दरम्यान मागून घासल्यासारखा, साखळी ओढल्यासारखा आवाज आला तर परत फिरा. ५२० डी च हवी असेल तर बी ४७ इंजिनची, म्हणजे २०१४ च्या अखेरीनंतरची बघा. आरसी बुकावरच्या वर्षावर विसंबू नका. चेसिस नंबर टाकून इंजिनचा प्रकार तपासून घ्या.

पेट्रोलवाले वाचकही हाच प्रश्न विचारतात, म्हणून ओघात सांगतो. बीएमडब्ल्यूच्या २०१५ च्या आधीच्या चार सिलिंडर एन २० इंजिनात गाइडचा चुरा होऊन ऑइल सम्पमधल्या, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागातल्या, जाळीत अडकतो. मग ऑइलचं प्रेशर जातं, आणि पाठोपाठ इंजिन. मर्सिडीज सी क्लासच्या डब्ल्यू २०४ पिढीतल्या एम २७१ पेट्रोलची चेन लांबते. सकाळी पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड ऐकू येते आणि नंतर थांबते, त्यामुळे विकणारा ‘ऑइल वर चढेपर्यंत होतं’ असं सांगतो. ते खरं मानू नका. ऑडी ए ४ च्या बी ८ पिढीत मल्टिट्रॉनिक, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर रिव्हर्समध्ये अगदी हळू घेऊन बघा. हिसके बसले तर ती गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबात असू द्या.

आता ई २२० डी. तिचं ओएम ६५४ इंजिन चांगलं आहे. अडचण आहे ती तुमच्या वापराची. कॉलेज रोड ते सातपूर एवढ्याशा अंतरात डिझेल इंजिनचा एक्झॉस्ट नीट तापतच नाही. डीपीएफमध्ये, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, जमलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं. त्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारतं. तेवढ्यात तुम्ही सातपूरला पोहोचून गाडी बंद करता. काम अर्धवट राहतं, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. म्हणून अशा गाडीत ऑइलची पातळी कमी न होता वाढलेली दिसते, आणि पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, बेअरिंगला पुरत नाही. उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा थोडा चढा आहे, मायलेजचा काटा एकदम पडलाय, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरतोय, अशी चिन्हं दिसली की जळण चालू आहे समजा. तेव्हा गाडी बंद न करता हायवेवर वीस मिनिटं एकसारखी चालवून आणा. महिन्यातल्या दोन मुंबई वाऱ्यांनी ही अडचण निभावून जाईल. संपणार मात्र नाही. तुमच्या वापराला त्याच वयाची पेट्रोल ई क्लास जास्त शोभेल.

नवी की जुनी? पूर्ण सर्व्हिस हिस्टरी असलेली सात वर्षांची चांगली गाडी आम्ही केव्हाही निवडू, पण अट एकच. २५ लाख बजेट असेल तर गाडी २२ लाखांत बसवा आणि उरलेले पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. घरी आणल्यावर पहिल्याच महिन्यात सगळे द्रव बदलून घ्या : इंजिन ऑइल, गिअरबॉक्स ऑइल, ब्रेक फ्लुइड, कूलंट. बीएमडब्ल्यूतल्या झेडएफ आठ-स्पीड गिअरबॉक्सबद्दल शोरूममध्ये ‘ऑइल आयुष्यभराचं’ असं ऐकायला मिळतं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत बदला म्हणते. यात फिल्टर आणि प्लास्टिकचा पॅन एकच असतो, त्यामुळे पॅनसकट बदलावं लागतं, बोल्टही नवे. पातळी बघताना इंजिन चालू हवं आणि ऑइलचं तापमान ३० ते ५० अंशांच्या आत. भरायच्या तोंडातून बारीक धार परत येऊ लागली की पातळी बरोबर. मेकॅनिककडे तापमान दाखवणारा स्कॅनर नसेल तर त्याला हे काम देऊ नका. थंड गाडीत अंदाजाने भरलेल्या ऑइलवर गिअर घसरू लागतात आणि मग दोष गिअरबॉक्सवर येतो. आणि इंजिन ऑइल? डॅशबोर्ड काहीही म्हणो, १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.

प्रश्न : दिल्ली पासिंगची २०१७ ची डिझेल ऑडी ए ६ नाशिकच्या भावापेक्षा बरीच स्वस्त आहे. घ्यावी का? कागदपत्रं कोणती?
— एक वाचक, इंदिरानगर

स्वस्त का आहे ते आधी कळू द्या. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. त्यानंतर तिथे आठ-नऊ वर्षांच्या डिझेलचे भाव पडले. आपल्याकडे तीच गाडी पंधरा वर्षांच्या नोंदणीवर चालते. म्हणजे स्वस्त असण्यामागे प्रामाणिक कारण असू शकतं. तरी एनओसी, म्हणजे मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.

कागदांचा क्रम असा. मूळ आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी, तीही नाशिक आरटीओच्या नावाने. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरलेला. गाडी चोरीची किंवा गुन्ह्यात अडकलेली नाही याचा अहवाल. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, एमएच १५ चा नवा नंबर मिळवायला फॉर्म २७, चालू विमा आणि पीयूसी. मग गाडी तपासणीला न्यायची आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरायचा. हा कर गाडीची मूळ किंमत आणि वय धरून काढतात. नव्या डिझेल गाडीला वीस लाखांवर १५ टक्के दर आहे. त्यातून वयाप्रमाणे वजावट होते. ए ६ ची मूळ किंमत बघता हा आकडा लाखांत जातो. तो मिळवून भाव काढा, नंतर ‘स्वस्त’ म्हणा. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो अर्ज कोण करणार आणि पैसे कुणाचे हे व्यवहाराच्या वेळीच लिहून घ्या.

त्याहून मोठी भीती पाण्याची. पुरात बुडालेली गाडी चकाचक करून लांबच्या शहरात विकली जाते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. जो भाग एरवी कधीच बाहेर येत नाही, त्यावर मातीची आडवी रेघ किंवा कुबट वास असेल तर गाडी बुडाली होती. बेल्ट नवाकोरा असेल तर तो का बदलला ते विचारा. सीटखालच्या रुळांवरचा गंज बघा. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी काढायला लावून पायाशी जाणारे वायरिंगचे कनेक्टर उघडून बघा; पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी आली असेल तर ती गाडी वर्षभर रोज नवा दिवा पेटवेल. जर्मन गाड्यांमधले बरेच कंट्रोल युनिट पायाखाली आणि डिकीत असतात, त्यामुळे गुडघाभर पाणीही पुरेसं होतं. शेवटी स्कॅनर लावून किलोमीटर ताडून बघा. मीटरमध्ये ५५ हजार आणि गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये सव्वा लाख, असं निघतं. मीटर फिरवणाऱ्याला सगळी युनिटं सुधारायचा कंटाळा येतो.

प्रश्न : बीएमडब्ल्यू एम ३४० आय घ्यायचं ठरतंय. १९ इंची अलाय घेऊ का? गंगापूर रोडच्या कॉलन्यांतले स्पीडब्रेकर पार होतील का? आणि रन-फ्लॅट टायर ठेवावेत का?
— एक वाचक, गंगापूर रोड

आधी गाडीबद्दल. तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडर बी ५८ इंजिन, ५०० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे चाक फिरवणारा जोर), चारही चाकांना ताकद, शून्य ते शंभर ४.४ सेकंद, आणि जुळणी चेन्नईत होत असल्याने किंमत आयात गाड्यांच्या खाली. कागदावर तिच्यासमोर मर्सिडीज-एएमजीची सी ४३ उभी राहते. तिच्या दोन लिटर चार सिलिंडरमधून निघणारे ४०८ पीएस (अश्वशक्ती) ही अभियांत्रिकीची कमाल आहे हे मान्य. पण या किमतीत चार सिलिंडरचा आवाज ऐकून घ्यायला आमचं मन होत नाही. सहा सिलिंडरचा गुळगुळीतपणा दुसऱ्या गिअरपासूनच कळतो. तुमची निवड बरोबर आहे.

अलाय मात्र १८ इंचीच घ्या. हिशोब बघा. २२५/४५ आर १८ टायरची बाजूची भिंत २२५ च्या ४५ टक्के, म्हणजे १०१ मिलिमीटर. २२५/४० आर १९ ची ९० मिलिमीटर. ते ११ मिलिमीटर रबर म्हणजेच खड्डा आणि अलाय यांच्यातली जागा. रस्ता खणून पुन्हा बुजवला की जी कड उरते, ती ५० च्या वेगात लागली तर ९० मिलिमीटरची भिंत रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि आतले धागे तुटतात. मग टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. फुगा दुरुस्त होत नाही, कुणी व्हल्कनाइझ करून देतो म्हणाला तरी नको. तो टायर हायवेवर फुटणार. एकाच टायरला फुगा आला तर त्याच एक्सलचा दुसराही बघा, आणि चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत नवा-जुना टायर मिसळताना खाचांच्या खोलीतला फरक फार ठेवू नका, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो.

स्पीडब्रेकरचं उत्तर अनेकांना उलटं वाटेल. पोट घासतं ते नुसत्या उंचीमुळे नव्हे. दोन चाकांमधलं अंतरही तेवढंच कारणीभूत असतं. एम ३४० आय चा व्हीलबेस २,८५१ मिलिमीटर आहे, तर तिच्याच कुटुंबातल्या लांब ग्रॅन लिमोझिनचा २,९६१. म्हणजे मागच्या सीटसाठी घेतलेली लांब गाडी आधी घासते. गाडीत चौघं आणि डिकीत सामान असेल तर तिरकं चढवा, एका वेळी एकच चाक वर. ब्रेक दाबलेल्या अवस्थेत चढू नका. ब्रेकने नाक खाली जातं. चढायच्या अगोदर ब्रेक सोडला की पुढचा सस्पेन्शन वर येतो आणि तेवढीच जागा मिळते. स्प्रिंगमध्ये रबराचे तुकडे बसवून उंची वाढवून देणारे भेटतील. त्याने स्प्रिंगचे काही वेटोळे कामातून जातात, उरलेल्यांवर जोर येतो आणि ब्रेक मारताना गाडीचा तोल बदलतो. असल्या गाडीत तर मुळीच नको.

रन-फ्लॅट : हवा गेल्यावर ८० च्या वेगात साधारण ८० किलोमीटर चालतो, हा त्याचा एकमेव गुण. बाजूची भिंत कडक असल्याने खड्डा सरळ पाठीत येतो. आम्ही साधे, चांगल्या कंपनीचे, डब्ल्यू किंवा वाय वेगश्रेणीचे टायर घालू. पण या गाडीत स्टेपनी नाही हे विसरू नका. डिकीत कॉम्प्रेसर आणि पंक्चर किट हवंच, आणि किट फक्त टायरच्या तळातलं खिळ्याचं भोक बुजवतं. सापुताऱ्याकडे जाताना वणीच्या पुढे बाजूची भिंत फाटली तर टोइंगची वाट बघण्यावाचून इलाज नाही. तिकडे नेहमी जाणं असेल तर रन-फ्लॅटच राहू द्या.

टायर घेताना भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. एवढ्या महागड्या मापाचे टायर दुकानात पडून असतात. दोन वर्षांचा ‘नवा’ टायर सवलतीत देऊ केला तर हसून नको म्हणा.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर निघण्यापूर्वी हवा कमी करावी असं पंपावर सांगतात. नायट्रोजन भरावा का?
— एक वाचक, सिन्नर

हवा कमी करू नका. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकला की तापतो आणि तापूनच फुटतो. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा वेगळा आकडा असतो; चौघं आणि सामान असेल तर तो वापरा. मोजायची ती थंड टायरची हवा, म्हणजे सकाळी घरून निघून पंपापर्यंत दोन-तीन किलोमीटरच्या आत. मे महिन्यात दुपारी वीस किलोमीटर पळवून पंपावर जाल तर काटा चार-पाच पीएसआय जास्त दाखवेल आणि पंपावरचा पोरगा तेवढी हवा सोडून देईल. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर. दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो, म्हणून डिसेंबरच्या थंडीत एकदा आणि मार्चमध्ये एकदा मुद्दाम तपासा. नायट्रोजनने बिघडत काही नाही, फायदा नगण्य. फुकट असेल तर भरा. मर्यादा १२० आहे, आणि सरळ काँक्रीटवर डोळ्यांवर झापड येते ती कुठल्याच टायरने थांबत नाही.

प्रश्न : २०१७ ची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय. कसारा घाटात जाम लागला की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथरते, एकदा गिअरबॉक्स तापल्याचा इशाराही आला. उतरताना ब्रेकचा वास येतो तो वेगळाच.
— एक वाचक, पाथर्डी फाटा

तुमच्या गाडीत डीक्यू २०० हा सात-स्पीड डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि त्याचे दोन्ही क्लच कोरडे आहेत. एक क्लच १, ३, ५, ७ सांभाळतो, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. ऑइलमध्ये बुडालेले नसल्याने त्यांची उष्णता फक्त हवेत जाते. चढावरच्या जाममध्ये तुम्ही ब्रेक हलकाच सोडून गाडी इंच-इंच सरकवता, तेव्हा क्लच पूर्ण लागलेलाही नसतो आणि सुटलेलाही नसतो, घासत असतो. थरथर तिथून येते. पुढच्या गाडीपाठोपाठ सरकणं बंद करा. दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एका दमात पुढे घ्या आणि पुन्हा घट्ट ब्रेक. चढावर अॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवणं हा क्लचचा खून आहे. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. इशारा आला तर बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा.

थरथर आता कायमची झाली असेल तर आधी स्कॅनरवर क्लचचं अॅडॅप्टेशन, म्हणजे नव्याने जुळवणी, करून घ्या, बऱ्याचदा तेवढ्यात भागतं. नाही भागलं तर क्लच पॅक. पण सम गिअर गायब, डॅशबोर्डवर गिअरचं अक्षर लुकलुकतंय, रिव्हर्स पडत नाही, अशी लक्षणं असतील तर रोग मेकाट्रॉनिकमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटमध्ये आहे. तिथे ऑइलचं प्रेशर साठवणाऱ्या भागाला तडा जातो. हे दोन वेगळे आजार आहेत. मेकाट्रॉनिकचा बिघाड असताना क्लच पॅक बदलून बिल लावल्याच्या तक्रारी या स्तंभाकडे नेहमी येतात, म्हणून फॉल्ट कोड छापून मागा. ज्यांच्याकडे दोन लिटर डिझेलचा सहा-स्पीड डीएसजी आहे त्यांनी निर्धास्त राहावं, तो ओल्या क्लचचा. फक्त दर ६० हजारांना ऑइल-फिल्टर चुकवू नका.

ब्रेकचा वास : घाट सुरू होण्याआधीच गिअर मॅन्युअलवर टाकून तिसरा धरा, तीव्र वळणांना दुसरा. इंजिन ३,५०० वर ओरडलं तरी त्याला काही होत नाही. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. दोन-तीन सेकंद ठाम दाबा, वेग उतरवा, सोडा, हवा लागू द्या. आणि ब्रेक फ्लुइड शेवटचं कधी बदललं ते बघा. डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पण ते हवेतला ओलावा ओढतं आणि ओलावा मुरलेल्या फ्लुइडची किमान पातळी १५५ पर्यंत खाली येते. इगतपुरीचे दोन पावसाळे पाहिलेलं फ्लुइड घाटात उकळलं की पेडल सरळ तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदला. खर्च एका डिनरएवढा.

प्रश्न : सुपर्ब २.० टीएसआय ला स्टेज १ रिमॅप करायचा विचार आहे. इंजिनला धोका आहे का?
— एक वाचक, अशोक स्तंभ

रिमॅप म्हणजे इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून ताकद वाढवणं. इंजिन आणि ओल्या क्लचचा गिअरबॉक्स माफक वाढ सहन करतात. १९० पीएसचं हे इंजिन मुद्दाम आवळून ठेवलेलं आहे, याच घराण्यातल्या इंजिनातून २०२५ च्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये कंपनीने स्वतः २६५ पीएस काढलेत. तरी त्या २६५ मागे वेगळे भाग आणि वेगळी चाचणी असते. तुमच्या मॅपमागे कोण आहे ते बघा. नवे प्लग, ठीक असलेल्या कॉइल, आणि मॅपनंतर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटरवर घेतलेला लॉग, म्हणजे स्कॅनरने टिपलेले आकडे, मागा. त्यात ठिणगीचं टायमिंग किती मागे जातंय, बूस्ट (टर्बोचा दाब) मागितला किती आणि मिळाला किती, आत येणाऱ्या हवेचं तापमान किती हे दिसतं. लॉग न देता ‘फरक चालवून बघा’ म्हणणाऱ्याकडे मॅप करू नका.

बाकी परिणाम तुम्हीच तोला. फोक्सवॅगन ग्रुपच्या सर्व्हिस सेंटरला गाडी जोडली की बदल पकडला जाऊन नोंद होते आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी जाते. नंतर मूळ मॅप टाकला तरी नोंद राहते. कायद्याने मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही मूळ रचनेत बदल करू देत नाहीत. कलम १८२-ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. अपघातात विमा कंपनीला हरकतीचं आयतं कारण मिळतं. तेच पैसे उत्तम टायर आणि चांगल्या ब्रेक पॅडवर घाला, गाडी त्र्यंबक रोडवर जास्त वेगळी वाटेल.

प्रश्न : ई २० पेट्रोलमुळे माझ्या २०१६ च्या पेट्रोल सी क्लासचं नुकसान होतंय का? १०० ऑक्टेन भरू का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

मायलेज पडणारच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के कमी होणं हे सरळ गणित आहे. त्याहून जास्त पडत असेल तर दोष दुसरीकडे शोधा. इंधन टाकीच्या झाकणाच्या आतला स्टिकर बघा. त्यावर ई १० पर्यंतचीच मुभा असेल तर इंधनाचे रबरी पाइप आणि सील दर सर्व्हिसला तपासून घ्या. पेट्रोलचा वास आला तर थांबू नका. खरा त्रास गाडी उभी राहिल्यावर होतो. इथेनॉल ओलावा ओढतं, अर्ध्या रिकाम्या टाकीत तर जास्तच. दोन महिने गाडी निघणार नसेल तर टाकी भरून ठेवा. १०० ऑक्टेनचा फायदा ज्या इंजिनाला कंपनीने ९८ सांगितलंय त्यालाच नीट दिसतो. तुमच्यासाठी तो खर्च व्यर्थ.

प्रश्न : मुलगा म्हणतो टर्बोत जीव नाही, घ्यायची तर पोर्शे ९११ जीटी ३ च. बाग चांगली गेली तर घेऊही. तुमचं मत?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड

मुलाचा कान चांगला आहे. चार लिटरचं, टर्बो नसलेलं ते इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत चढतं आणि ५१० पीएस देतं. पण ९९२ या पिढीच्या सुरुवातीच्या जीटी ३ चा ४७० न्यूटन मीटरचा टॉर्क मिळतो ६,१०० वर. त्याच ९९२ पिढीच्या सुरुवातीच्या साध्या कॅरेराचा, म्हणजे तीन लिटर ट्विन टर्बोचा, ४५० न्यूटन मीटर १,९५० पासून ५,००० पर्यंत सपाट मिळतो. निफाड ते नाशिक, मध्ये ट्रॅक्टर, ओव्हरटेकला दोनशे मीटर. तिथे कॅरेरा पाय टेकताच निघते. जीटी ३ ला दोन गिअर खाली आणून ओरडवावं लागतं. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर वर्षातून चार वेळा जाणार असाल तर मुलाचं ऐका. नाहीतर कॅरेरा, आणि पुढचं नाक उचलणारी सिस्टिम ऑप्शनमध्ये नक्की घ्या. गोदामाच्या दारातल्या उंचवट्यावर तीच उपयोगी पडेल.

प्रश्न : गाडी फार्महाउसवर उभी असते, पंधरा दिवसांनी निघते. दर वेळी बॅटरी उतरलेली आणि मागच्या महिन्यात उंदरांनी वायरी खाल्ल्या.
— एक वाचक, गिरणारे

या गाड्या बंद असतानाही थोडा करंट पीत राहतात. किल्ली जवळ ठेवली तर त्या झोपतच नाहीत. किल्ली गाडीपासून दहा मीटर तरी लांब ठेवा. बॅटरीला १२.४ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. एजीएम, म्हणजे अशा गाड्यांतल्या बंद प्रकारच्या बॅटरीसाठी सेटिंग असलेला मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) कायम लावून ठेवा, साधा गॅरेजचा चार्जर नको. नवी बॅटरी बसवली तर बीएमडब्ल्यूत ती स्कॅनरने नोंदवावी लागते, नाहीतर अल्टरनेटर जुन्या बॅटरीच्या हिशोबाने चार्ज करून नवीही लवकर मारतो. पावसाळ्यात धुतल्या-धुतल्या हँडब्रेक लावून ठेवू नका, पॅड डिस्कला चिकटतात. त्याऐवजी सपाट जागी चाकाला ठोकळा लावा.

उंदरांना उबदार जागा आणि बॉनेटखालचा मऊ फोम हवा असतो. गाडी लावल्यावर तासभर बॉनेट उघडं ठेवा, उष्णता आणि अंधार दोन्ही जातात. आसपास धान्य, ढेप, कुत्र्याचं खाणं नको. हायवेवर नेण्याआधी टॉर्चने इनटेक मॅनिफोल्डखालचं वायरिंग आणि केबिन एअर फिल्टरचा डबा बघा, घरटं बहुतेक तिथेच असतं. वायरिंगला जाळी-टेप गुंडाळून घेता येते. आणि विम्याच्या कागदात उंदरांचं नुकसान धरलंय का ते नूतनीकरणाच्या आधी विचारून घ्या. अख्खी हार्नेस, म्हणजे वायरिंगचा सगळा जुडगा, बदलायची वेळ आली तर इंजिनच्या बिलाशी बरोबरी करणारा आकडा येतो.

प्रश्न : लाँच कंट्रोल किती वेळा वापरलं तर चालतं?
— एक वाचक, महात्मानगर

उभी गाडी पूर्ण ताकदीने सोडणारी ही सोय वापरायची तर इंजिन ऑइल ८० अंशांवर गेल्यावर, टायर गरम असताना, बंद जागेत, आणि दोन वेळांमध्ये गिअरबॉक्सला थंड व्हायला वेळ देऊन. महात्मानगरच्या क्रिकेट मैदानाबाहेर एकदाही नाही.